विनाशिकेची दारं आणि एक खडू

संपादकांचा फोन आला तेव्हा मी पिंपळगाव बसवंतच्या एका कोल्ड स्टोरेजमध्ये दारासमोर गुडघे टेकून बसलो होतो.

"चीफ, तुम्ही नौदलात विनाशिकेवर होतात म्हणे. दिवाळी अंकासाठी युद्धाचा थरार लिहून द्या ना."

मी म्हटलं, "थरार नाहीये हो. दारं आहेत."

पलीकडचा माणूस सभ्य असल्यामुळे म्हणाला, "बरं, दारांवर लिहा."

तर हा लेख दारांवर आहे. क्षेपणास्त्रांची आवड असलेल्या वाचकांनी सरळ पुढच्या पानावरची कविता वाचावी.

माझं गाव चांदवड तालुक्यात. तिथं बुडायचं म्हटलं तर आधी टँकर मागवावा लागतो. नौदलात निवड झाली तेव्हा वडिलांनी एवढंच विचारलं, "पोहता येतंय का तुला?" मी म्हटलं, "नाय." "मग?" "शिकवतात म्हणे तिथं." वडील म्हणाले, "सरकारला लय माणसं जास्त झाली वाटतं." शिकवलं त्यांनी, पण खरं सांगतो, पुढच्या सगळ्या नोकरीत मी पोहण्यापेक्षा पोहण्याची वेळ येऊ न देण्याचंच काम केलं.

'विनाशिका' हा शब्द वर्तमानपत्रांचा. आम्ही नुसतं 'जहाज' म्हणायचो. नाव सांगत नाही, कारण पुढे जे सांगणार आहे त्यात जहाजाची काही चूक नव्हती. तीस वर्षांहून जास्त काळ ते समुद्रात होतं, त्यातली बारा वर्षं, दोन तुकड्यांत, मी त्याच्यावर काढली. त्याच्या कामगिरीची अधिकृत यादी मोठी आणि गुळगुळीत आहे. सराव, गस्त, परदेशी बंदरांना सदिच्छा भेटी, वादळानंतर बेटांवर धान्य आणि पाणी पोचवणं, एकदा परमुलखातल्या लढाईतून आपली अडकलेली माणसं उचलून आणणं. रागाने एकही गोळा डागला नाही. आमच्या विनाशिकेने विनाश केला तो मुख्यतः कपबश्यांचा, आणि तो दर पावसाळ्यात केला. गावाकडे हे सांगितलं की लोक नाराज होतात. आमचे एक चुलते दर लग्नात विचारायचे, "किती बोटी बुडवल्या?" मी म्हणायचो, "एक पण नाही." "मग करत काय होता इतकी वर्षं?" "आपली बुडू देत नव्हतो." त्यांना हे काम वाटायचं नाही.

मी शिपराइट होतो. म्हणजे जहाजावरचा सुतार, लोहार, प्लंबर आणि रंगारी, चारही एका पगारात. पण माझ्या जीवावर होती ती दारं. जहाज आतून म्हणजे लोखंडी खोल्यांची उतरंड असते. बाहेरून भोक पडलं किंवा आतली पाण्याची नळी फुटली, तर पाणी त्या एकाच खोलीत अडलं पाहिजे. शेजारच्या खोलीत गेलं तर तिसरीत जातं, आणि तिसरीत गेलं की कॅप्टन साहेबांना आमच्या घरी पत्र लिहावं लागतं, लिहायला ते शिल्लक असले तर. म्हणून प्रत्येक खोलीला पाणबंद दार. दाराला कडीकोयंडा नसतो, चारी बाजूंनी आठ दांड्या असतात, त्या फिरवून दार आवळायचं. दाराच्या झडपेला खोबणीत रबर बसवलेलं असतं आणि चौकटीला एक लोखंडी धार असते. दार आवळलं की धार रबरात रुतते आणि पाणी थांबतं. घरातल्या कुकरची रिंग आठवा. तेच शास्त्र आहे, फक्त इथं शिट्टी झाली तर माणसं मरतात.

माणसाला दार उघडं ठेवायची खोड असते, ही गोष्ट मला नौदलाने शिकवली. त्या लढाईतून आणलेल्या माणसांत एक जाडजूड व्यापारी होते. ते आपली सुटकेस घेऊन बरोबर दाराच्या उंबऱ्यावर बसले, कारण तिथं वारा येत होता. मी हात जोडून उठायला सांगितलं. ते म्हणाले, "बंद दारामागं माझा जीव घाबरतो." मी म्हटलं, "उघड्या दारामागं माझा घाबरतो, शेठ." शेवटी त्यांच्यासाठी चहा आणून लांब ठेवला, तेव्हा उठले.

आता खडूकडे येतो. रबर नीट बसतंय की नाही हे डोळ्यांना कळत नाही. त्यासाठी चौकटीच्या धारेला पांढरा खडू घासायचा, दार घट्ट लावायचं, उघडायचं आणि रबरावर उमटलेली रेघ बघायची. चारी बाजूंनी अखंड पांढरी रेघ आली तर दार पास. कुठं बोटभर तुटली तर तिथून पाणी येणार, दार नापास. दर महिन्याला प्रत्येक दार असं तपासायचं आणि रजिस्टरमध्ये सही करायची. यंत्रं कितीही आधुनिक आली तरी ही तपासणी खडूचीच राहिली. सरकारी खडू ओलसर आणि भुसभुशीत यायचा, म्हणून मी सुट्टीवरून येताना सुमनच्या, म्हणजे माझ्या बायकोच्या, शाळेतला एक डबा उचलून आणायचो. ती जिल्हा परिषदेची शिक्षिका. देशाच्या सागरी संरक्षणात तिच्या शाळेचा वाटा आहे, हे तिच्या मुख्याध्यापकांना अजून माहीत नाही.

या कामात एक नियम सगळ्यांत वरचा होता. रबराला आणि धारेला रंग लावायचा नाही, कधीही, कोणीही सांगितलं तरी. रंग सुकला की रबर कडक होतं, धार रुतत नाही, आणि दार उघडताना रंग आपल्याबरोबर रबराचे तुकडे उपटून नेतो. हे मी जहाजावरच्या प्रत्येक माणसाला इतक्या वेळा ऐकवलं होतं की लोक मला बघून रस्ता बदलायचे.

एक माणूस मात्र बदलायचा नाही. कुरियन, इलेक्ट्रिकलचा, कोल्लमचा. आम्ही एकाच वर्षी जहाजावर आलो आणि आमच्या झोपायच्या फळ्या वरखाली होत्या, मी खाली आणि तो वर. मुंबईत बरीच वर्षं काढून तो मराठी शिकला होता, पण ती भाजीबाजारात शिकल्यामुळे त्याच्या बोलण्यात कायम घासाघीस असायची. मी रबराचं प्रवचन सुरू केलं की म्हणायचा, "किती वेळा तेच तेच? काहीतरी कमी कर की." त्याची जागा म्हणजे जहाजाच्या पोटातली स्विचबोर्डची खोली. तिथून अर्ध्या जहाजाची वीज वाटली जायची, सुकाणूची सुद्धा. त्या खोलीतून बाहेर पडायला वर एक शिडी आणि झाकण होतं, आणि शेजारच्या पंपांच्या खोलीत जायला एक पाणबंद दार. या सगळ्या लेखात तेवढं एकच दार लक्षात ठेवा.

तर एका वर्षी ॲडमिरल साहेबांची तपासणी ठरली. ज्यांनी ही तपासणी बघितलेली नाही त्यांना सांगतो, घरात मुलगी बघायला पाहुणे येणार असतील तर जे होतं ते तीनशे माणसांच्या घरात पंधरा दिवस चालतं. आमचे एक्सओ साहेब, म्हणजे कॅप्टनच्या खालोखालचे अधिकारी, पांढरा हातरुमाल घेऊन फिरायचे आणि लोखंड दिसलं की पुसून बघायचे. प्रत्येक खात्याने आपापल्या खोल्या रंगवायच्या असा हुकूम निघाला. स्वयंपाकी, रेडिओवाले, डॉक्टरचा मदतनीस, सगळ्यांच्या हातात ब्रश. त्याच आठवड्यात माझी महिन्याची खडूची तपासणी आली.

इथं मी चूक केली. खडू लावला की भुकटी पडते. ताज्या राखाडी रंगावर पांढरे ओघळ दिसतात. दोन दारं तपासली तेवढ्यात एक्सओ साहेब आले, रुमाल फिरवला आणि म्हणाले, "ये चूना क्यों लगा रहे हो?" मी उरलेल्या दारांना खडू ॲडमिरल साहेब येऊन गेल्यानंतर लावायचं ठरवलं. रजिस्टर मात्र ॲडमिरल साहेब बघणार होते. म्हणून सगळ्या दारांपुढे 'पास' लिहिलं आणि सह्या ठोकल्या. मागच्या महिन्यात पास झाली होती, एका महिन्यात दार कुठं जातंय, असं मी स्वतःला समजावलं.

तपासणी थाटात पार पडली. संध्याकाळी एक्सओ साहेब मुद्दाम येऊन सांगून गेले की स्विचबोर्डच्या खोलीतलं दार ॲडमिरल साहेबांना फार आवडलं, अगदी नव्यासारखं दिसतं म्हणाले. मला शाबासकीचं पत्र मिळालं. मी ते खिशात घालून दोन आठवड्यांच्या सुट्टीवर घरी आलो, सुमनला दाखवलं, आणि राहिलेली तपासणी डोक्यातून पार निघून गेली.

सुट्टीवरून परतलो आणि जहाज निघालं. चौथ्या दिवशी, सकाळी अकराच्या सुमाराला, समुद्र चांगलाच उसळलेला असताना पंपांच्या खोलीतली समुद्राच्या पाण्याची मोठी नळी जोडापाशी फुटली. तिथली माणसं स्विचबोर्डच्या खोलीत पळून आली, दार आवळलं आणि शिडीने वर गेली. भोंग्यावर तीन वेळा पुकारा झाला. त्या पाण्याचा व्हॉल्व्ह वरून लांब दांड्याने बंद करता येतो, पण तो अडकला होता. तो सुटेपर्यंत पंपांची खोली भरत राहणार होती. त्या आवळलेल्या दाराच्या अलीकडे कुरियन एकटा स्विचबोर्ड सांभाळत होता.

मी वर, नुकसान आवरणाऱ्यांच्या ठाण्यावर होतो. भिंतीवर जहाजाचा नकाशा, हातात कुरियनच्या खोलीचा फोन, शेजारी इंजिनिअर साहेब आणि त्यांच्या हातात माझं रजिस्टर.

कुरियन फोनवर म्हणाला, "दाराच्या खालच्या कोपऱ्यातून पाणी येतंय रे."

"किती?"

"थोडं. पण वाढतंय."

नियम सोपा होता. दार खात्रीचं असेल तर माणसाने थांबायचं. दाराचा भरवसा नसेल तर वीज तोडायची, वर यायचं आणि झाकण बंद करायचं. वीज तोडली असती तर सुकाणू काही मिनिटं मेलं असतं, आणि त्या समुद्रात जहाज आडवं फिरणं वाईट. पण पाणी बोर्डाला लागलं असतं तर कुरियनच मेला असता. सगळं त्या एका दारावर होतं.

इंजिनिअर साहेबांनी रजिस्टरवर बोट ठेवून विचारलं, "दरवाज़ा पास है ना?"

आणि फोनमधून कुरियनने तेच विचारलं. "तू बघितलंस ना हे दार? खडूने?"

मला 'नाही' म्हणता आलं असतं. एका 'नाही'वर तो शिडी चढून वर आला असता. पण बोटाखाली माझी सही होती, शेजारी साहेब होते, आणि मला शरमेपेक्षा भीती जास्त वाटली. मी म्हटलं, "हो. बघितलंय."

"मग थांबतो," कुरियन म्हणाला.

तोंडातून 'हो' गेलं आणि माझ्या पायांना कळलं की आपण काय केलं. "साहेब, खाली जाऊन बघतो," एवढं म्हणून मी हातोडा, लाकडी पाचरी आणि घोंगड्या असलेली पिशवी उचलली आणि पळालो. वाटेत स्वयंपाकघर होतं. पांडे नावाचा आमचा स्वयंपाकी दुपारच्या चपात्यांची कणीक मळून, मोठ्या परातीवर ओलं फडकं टाकून उभा होता. मला काय सुचलं देव जाणे, मी ती परातच उचलली. मागून पांडे ओरडत होता, ते शब्द दिवाळी अंकात छापता येणार नाहीत.

खाली घोट्याएवढं पाणी होतं. कुरियन रबरी पट्टीवर उभा राहून बोर्डाकडे तोंड करून होता. मला बघून त्याला जराही आश्चर्य वाटलं नाही. "आलास ना," एवढंच म्हणाला आणि पुन्हा काट्यांकडे बघायला लागला. ते मला त्या वेळी विचित्र वाटलं, पण विचार करायला सवड नव्हती.

दाराच्या खालच्या कोपऱ्यातून आणि बिजागरीच्या बाजूने पाण्याच्या पातळ चिळकांड्या येत होत्या. घोंगडीच्या पट्ट्या फाडायच्या, त्यात कणीक भरून लांब गुंडाळी करायची, ती फटीत दाबायची, वरून पाचर मारायची. मग दाराला फळी लावून समोरच्या चौकटीपर्यंत लाकडाचा टेकू ठोकायचा. जहाज डोलायचं तसा टेकू करकरायचा. अर्ध्या तासाने पाणी नडगीपर्यंत आलं. कुरियनच्या बोर्डाचा खालचा भाग पाण्यापासून वीतभर वर होता. एकदा जहाज आडवं झालं, पाणी उडून बोर्डावर आदळलं, निळा जाळ झाला आणि कुरियनचा डावा हात मागे फेकला गेला. तो खाली बसला, उठला, उजव्या हाताने तेवढा एक खटका पाडला आणि म्हणाला, "तू तुझं काम कर."

मी रडत होतो. पाचरी मारता मारता रडत होतो, हे आज पहिल्यांदा लिहितोय.

चाळीस मिनिटांनी वरचा व्हॉल्व्ह सुटला. पंप लावून पाणी उपसलं. कणकेने दम धरला होता. त्या दिवशी जहाजावर कोणालाच चपाती मिळाली नाही, आणि तिची चौकशी पाण्याच्या चौकशीआधी सुरू झाली.

दार उघडलं तेव्हा सगळा उलगडा झाला. रबरावर राखाडी रंगाचा जाड, गुळगुळीत, सुंदर थर होता. ॲडमिरल साहेबांना आवडला होता तो हाच. रंगाबरोबर रबराचे लचके निघाले होते. शाळेतल्या पोरालाही पास करता आलं नसतं असं दार माझ्या सहीने पास होतं.

चौकशी समितीने विचारलं, रंग कोणी लावला. त्या पंधरवड्यात तीनशे हातांत ब्रश होते, कोणी कबूल झालं नाही. मग मला विचारलं, खडूची तपासणी का केली नाही. मी खरं ते सांगितलं, "साहेब, खडूने रंग खराब झाला असता." अध्यक्षांनी रजिस्टर माझ्यासमोर सरकवलं. "और दस्तख़त?" सहीने रंग खराब होत नव्हता, हे उत्तर मी मनात ठेवलं. माझी बढती दोन वर्षं मागे गेली. त्याच आठवड्यात टेकू लावल्याबद्दल दुसरं शाबासकीचं पत्र मिळालं. सुमन म्हणाली, "एकाच दारासाठी शिक्षा पण आणि बक्षीस पण? आमच्या शिक्षण खात्यात सुद्धा असं होत नाही."

पण फोनवरचं ते 'हो' कोणी विचारलं नाही. साहेबांनी ते सहीतच धरलं, आणि कुरियन मात्र त्याच्यावर भरवसा ठेवून खाली थांबला होता, अशी माझी समजूत होती. तो दवाखान्यात गेला, तिथून दुसऱ्या जहाजावर बदली झाली. त्याच्या डाव्या हाताची दोन बोटं नंतर कधी पूर्ण मिटली नाहीत. मी प्रत्येक वेळी ठरवायचो की आता सांगायचं, आणि प्रत्येक वेळी हवापाण्याचं बोलून फोन ठेवायचो. त्याऐवजी दर उन्हाळ्यात मी त्याला चांगल्या मनुकांचा पाच किलोचा खोका पाठवायला लागलो. मग दर नाताळाला त्याच्याकडून केळ्याचे वेफर्स आणि काळ्या हलव्याचा भलामोठा डबा यायला लागला. तो डबा बघितला की एकच मनात यायचं. ज्याला मी मरायला थांबवलं तो मला जीव वाचवल्याबद्दल हलवा पाठवतोय. मी पुढच्या वर्षी मनुका दोन किलो वाढवायचो. त्याचा डबाही वाढायचा. पोरांची लग्नं झाली, आम्ही दोघं निवृत्त झालो, तरी हे चालू होतं. सुमनला मधुमेह झाल्यावर तो हलवा आमची अख्खी गल्ली खायची.

आणि मग गेल्या वर्षी पत्र आलं की जहाज निवृत्त होतंय, जुन्या माणसांनी यावं. कुरियनचा लगेच फोन. "येतोस ना? मी पण येतो."

गोदीच्या फाटकावर भेटलो. त्याचे केस पांढरेशुभ्र, माझे गेलेले. जहाज धक्क्याला उभं होतं आणि नखशिखांत ताजं रंगवलेलं होतं. सूर्यास्ताला झेंडा उतरणार, मग ते भंगारात जाणार, आणि त्यासाठी नवा रंग. आम्ही दोघंही हसलो. दारांची जबाबदारी आता एका लेफ्टनंट बाईकडे होती, कोल्हापूरची मुलगी. तिला आमची गोष्ट ठाऊक होती, म्हणजे कणकेची. ती म्हणाली, "काका, ते दार अजून तिथंच आहे. बघायचंय?"

शिडी उतरताना चार गुडघ्यांचा आवाज झाला. खोली लहान वाटली. मी सवयीने खिशातून खडू काढला. सुमनच्या शाळेतला शेवटचा डबा अजून घरी आहे. धारेला खडू घासता घासता, पाठ त्याच्याकडे असल्यामुळे, मला अखेर बोलता आलं.

"कुरियन, त्या दिवशी फोनवर मी हो म्हणालो ना, ते खोटं होतं. मी हे दार तपासलं नव्हतं."

मी वळलो. तो स्विचबोर्डला टेकून उभा होता.

"माहीत होतं मला," तो म्हणाला. "तेव्हाच, चौकशीच्या आधी."

"कसं?"

"रबराला रंग मीच लावला होता. तुझ्या खडूच्या तपासणीच्या आदल्या संध्याकाळी. डब्यात थोडा उरला होता, म्हटलं वाया कशाला घालवू. तू खडू लावला असतास तर रंग दिसला असता. रंग दिसला असता तर तू माझ्या सात पिढ्यांची हजेरी घेतली असतीस. तू काही बोलला नाहीस, म्हणजे तू तपासलंच नव्हतंस."

मी लोखंडी उंबऱ्यावर बसलो, अगदी त्या व्यापाऱ्यासारखा.

"मग थांबलास का?"

"रंग माझा, पाणी माझ्या रंगातून येणार, मी पळून कुठं जाऊ?" पुढे म्हणाला, "आणि तू हो म्हणालास म्हणून. दार खरंच तपासलेला माणूस वर निवांत उभा राहिला असता. खोटं बोललेला धावत येणार, एवढं मी तुला ओळखत होतो."

"आणि हलवा?"

"तुझी बढती गेली. मी चौकशीत गप्प बसलो. हलव्याशिवाय काय पाठवणार?"

इतकी वर्षं दोन म्हातारे एकमेकांना गोड पाठवत होते आणि दोघंही आपापल्या घरी बसून मनातल्या मनात माफी मागत होते. मला त्याचा राग आला, चांगलाच आला, कारण दोन वर्षांची बढती म्हणजे थोडी गोष्ट नाही. मी त्याला दोन शिव्या दिल्या. त्याने मला तीन दिल्या. मग आम्ही हसायला लागलो ते थांबेचना, आणि लेफ्टनंट बाई बिचारी झाकणातून वाकून विचारायला लागली, "काका, बरं वाटत नाहीये का?"

दार लावलं, आवळलं, उघडलं. रबर मधल्या काळात अनेकदा बदललेलं होतं, काळं, स्वच्छ, रंगाचा ठिपका नव्हता. पांढरी रेघ वरून खाली, डावीकडून उजवीकडे छान उमटली होती. फक्त खालच्या कोपऱ्यात, तिथंच, बोटभर तुटलेली होती.

मी बाईंकडे रजिस्टर मागितलं. तिने आणून दिलं. मी दाराचा नंबर शोधला आणि समोर 'नापास' लिहिलं.

ती म्हणाली, "काका, तासाभराने जहाजच राहणार नाही. नापास लिहिलंत तर मला दुरुस्ती दाखवावी लागेल."

कुरियन म्हणाला, "मग दाखव की. कणीक आहे का वर?"

मी सही केली. त्याखाली त्याने केली. त्या खोट्या सहीनंतरची ही माझी पहिली सही, जिच्यामागे मला काही लपवायचं उरलं नाही. पिंपळगावला, जिथं मी निवृत्तीनंतर दारं बघतो, त्या कोल्ड स्टोरेजचे मालक किरणशेठ परवाच म्हणत होते, "मामा, द्राक्षांचे फॉरेनचे पाहुणे येऊन राहिले, दाराच्या रबराला पण एक हात मारून द्या ना." मी त्यांना रंगाचा डबा कुलपात ठेवायला लावला. किल्ली माझ्याकडे आहे.

त्या संध्याकाळी जहाजावर, आमच्या डोक्यावर, बिगुलाची तयारी सुरू झाली होती. आम्ही निघताना सवयीने ते दार लावलं. आठही दांड्या मी घट्ट फिरवल्या. कुरियनने आपल्या न मिटणाऱ्या बोटांच्या हाताने प्रत्येक दांडी पुन्हा एकदा दाबून बघितली, कारण त्या मी फिरवल्या होत्या.